पाटीवरचे रडके चेहरे

चहा घ्या आधी, गार होईल. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा, मला आता सवय झालीय. फक्त ही गोष्ट माझ्या बायकोच्या तोंडून ऐकायला जाऊ नका. ती सांगते तेव्हा माझी जास्त शोभा होते.

तर झालं असं की मी शेण खाल्लं. तसं आयुष्यात बरेचदा खाल्लंय, पण हे जरा उच्च दर्जाचं होतं. कॉम्प्युटरवर, आलेख काढून, तीन रंगांत खाल्लेलं.

मी हाडांचा डॉक्टर. आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, उसाच्या पट्ट्यात एक मेडिकल कॉलेज आहे. तिथं मी हाडांच्या विभागाचा प्रमुख. माझ्या हाताखाली डझनभर रेसिडेंट. रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं स्पेशालिस्ट व्हायला आलेली पोरं-पोरी. तीन वर्षं वॉर्डात राबतात ती हीच. त्यांना शिकवायचं आणि त्यांची पारख करायची, हे माझं काम.

गेली वीस वर्षं मी ही पारख कशी करत होतो? डोळ्यांनी. पोरगं समोर आलं की कळायचं, हे चालेल, हे घासावं लागेल. मग मी पुण्याला एका कार्यशाळेला गेलो आणि माझं डोकं फिरलं.

विषय होता, तंत्रज्ञानाच्या मदतीनं रेसिडेंटचं मूल्यमापन. दोन दिवस एसीत बसून मी पडद्यावर आलेख बघितले. हिरवे, पिवळे, लाल. तिथला एक वक्ता म्हणाला, रेसिडेंट माणसांशी कसा वागतो हे प्रोफेसरला कधीच कळत नाही, ते पेशंटला विचारा. मला ते इतकं पटलं, इतकं पटलं, की जेवणाच्या सुट्टीत मी गुलाबजाम घ्यायचा विसरलो. माझ्या बाबतीत ही किती गंभीर गोष्ट आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

परत आलो आणि आठवड्यात आयटी विभागाकडून सॉफ्टवेअर करून घेतलं. एक टॅब. रेसिडेंटनं पेशंटचं काम केलं, ड्रेसिंग म्हणा, प्लास्टर म्हणा, की त्या रेसिडेंटचं नाव उघडून टॅब पेशंटच्या हातात द्यायचा. पेशंटनं बटन दाबायचं. गुण थेट माझ्या कॉम्प्युटरवर.

आता बटनावर लिहायचं काय? आमच्याकडं येणारी निम्मी माणसं वाचायला कंटाळतात आणि उरलेल्यांचा चष्मा घरी राहिलेला असतो. म्हणून मी ठरवलं, एक अक्षरही नको. चेहरे टाकायचे. पहिला खदखदून हसणारा, पाचवा ढसाढसा रडणारा, मधे तीन.

चेहरे काढायला चित्रकार शोधत बसलो नाही. वॉर्डात प्रत्येक खाटेच्या डोक्याशी पाच चेहऱ्यांचा एक तक्ता चिकटवलेला असतो, सिस्टर लोक कशाला तरी वापरतात. मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि आयटीला पाठवून दिला. म्हटलं, पेशंटच्या ओळखीचे चेहरे आहेत, बिचकणार नाहीत. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की त्या दिवशी ड्रायव्हरलासुद्धा चहा पाजला.

आमच्या वॉर्डाच्या इनचार्ज थोरात सिस्टर. पंचवीस वर्षं नोकरी, बोलणं कमी. त्यांनी टॅब हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "सर, हे चेहरे..."

"छान आहेत ना?" मी म्हणालो.

"छान आहेत, पण सर, पेशंटला..."

"सिस्टर, बदलाची भीती वाटतेच सुरुवातीला."

त्यांनी टॅब माझ्या हातात परत दिला. मी कधी कुणाला वाक्य पुरं करू दिलंय का, सांगा बरं?

झालं, टॅब सुरू. पेशंट मंडळींनी त्याचं नाव पाटी ठेवलं. पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी कॉम्प्युटर उघडून बसायचो. आणि त्या आठवड्याच्या अखेरीस माझ्या समोर एक नाव लाल झालं. नुसतं लाल नाही, लालभडक.

डॉ. स्नेहल साळवे. तिसऱ्या वर्षाची. राहुरीकडची पोरगी, वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. घराण्यात पहिली डॉक्टर. पहाटे साडेपाचला वॉर्डात हजर, हाताला सफाई, तोंडात शब्द मोजके. माझ्या डोळ्यांच्या जुन्या पद्धतीनं विचाराल तर विभागातली सगळ्यात चांगली रेसिडेंट. आणि पाटीवर तिच्या नावापुढं रांगेनं ढसाढसा रडणारे चेहरे.

आणि पहिला नंबर कुणाचा? प्रतीकचा. प्रतीक म्हणजे आमचा दुसरा रेसिडेंट. स्वभावानं गोड, पण कामाच्या वेळी तो नेमका कॅन्टीनमध्ये सापडणार. त्याच्या नावापुढं सगळे खदखदून हसणारे.

मी म्हटलं, बघा, याला म्हणतात विज्ञान. वीस वर्षं मी डोळ्यांवर विश्वास ठेवत होतो आणि डोळे मला फसवत होते. वरवर कामसू दिसणारी मुलगी पेशंटला रडवते आणि आळशी वाटणारा पोरगा त्यांना हसवतो.

स्नेहलला बोलावलं.

"डॉक्टर, पेशंट तुमच्यावर नाराज आहेत," मी म्हणालो. मी कुणाला अहो-जाहो करायला लागलो की आमच्याकडची पोरं आधीच घाबरतात.

"सर, माझ्याकडं ड्रेसिंगचे आणि ऑपरेशननंतर चालवायचे पेशंट आहेत, तर मला वाटतं..."

"सबबी नकोत. आकडे बोलतात."

"हो सर. पण ते जे चेहरे..."

"चेहऱ्याचंच सांगतोय. तुमचा चेहरा बघा आरशात. सदानकदा गंभीर. जरा हसत जा. ड्रेसिंग करताना हसायचं. पट्टी काढताना हसायचं."

पोरगी गुणी. सर म्हणाले म्हणजे ब्रह्मवाक्य. दुसऱ्या दिवसापासून ती हसायला लागली. आता तुम्हीच विचार करा. माणसाचा पाय मोडलाय, जखमेला चिकटलेली पट्टी सुटतेय, तो खाटेचा गज धरून बोंबलतोय, आणि समोर डॉक्टरीण दात काढून हसतेय.

तिसऱ्या दिवशी बेलापूरचे एक काका माझ्या केबिनच्या दारात. ट्रॅक्टरवरून पडून नडगीचं हाड मोडलेलं, कुबड्या टेकत आलेले.

"साहेब, त्या बाईला काय झालंय का हो?"

"का?"

"आधी लई चांगली हुती. आता माझा जीव जायची येळ आली की तिला हसू येतं. आमी काय तमाशा हाय का?"

काका गेले आणि मी कॉम्प्युटर बघितला. स्नेहलचे रडके चेहरे वाढले होते. माझ्या डोक्यात काय यावं? हिचं हसणंसुद्धा खोटं आहे, पेशंटला कळतं.

मग मी प्रतीकला बोलावलं. म्हटलं, बाबा रे, तू काय करतोस ते हिला शिकव. तुझं कौशल्य काय आहे?

प्रतीक माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. "सर, चुकलं माझं. उद्यापासून वेळेवर येतो."

"अरे, कौतुक करतोय तुझं. पेशंट तुझ्यावर खूश आहेत. नक्की काय करतोस तू?"

"सर, मी काहीच करत नाही," तो म्हणाला. अगदी प्रामाणिकपणे. "मी फक्त डिस्चार्ज कार्ड लिहितो."

घरी जायच्या दिवशी पेशंट हसणार नाही तर काय करणार? कुठल्याही शेंबड्या पोराला हे कळलं असतं. पण मी प्रोफेसर होतो ना. मला वाटलं, पोरगा विनयशील आहे. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नोटीस बोर्डावर त्याचा फोटो लावला. रुग्णसंवादात प्रथम. त्या दिवसापासून प्रतीक बोर्डासमोरून जायचं टाळून मागच्या जिन्यानं वॉर्डात यायचा.

इथपर्यंत असतं तर हसून सोडून दिलं असतं हो. पण सॉफ्टवेअरमध्ये मीच एक नियम घालून ठेवला होता. सलग तीन आठवडे लाल राहणाऱ्या रेसिडेंटला सहा महिने मुदतवाढ. म्हणजे या खेपेच्या अंतिम परीक्षेला बसायचं नाही, पुढच्या खेपेला बघू. नियम करताना मला वाटलं होतं, असं कोण लाल राहतंय. आता तिसरा आठवडा भरला आणि कॉम्प्युटरनं आपणहून पत्र तयार केलं. खाली माझ्या सहीची जागा.

मी सही केली. दोनदा पेन खाली ठेवलं, पण केली. पत्र डीन मॅडमकडं गेलं. सोमवारी त्यांच्याकडं बैठक होती, तिथं शिक्कामोर्तब व्हायचं.

स्नेहल केबिनमध्ये आली. रडली नाही. खुर्चीवर बसलीही नाही.

"सर, एकच विचारते. माझ्या हातून काय चुकतंय ते सांगा. मी बदलते."

आता काय सांगणार मी? मलाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "आकडे बघ."

"बाबांना सांगितलंय, या परीक्षेनंतर तुम्ही आता शाळेच्या बसची ड्युटी करू नका म्हणून. ते निवृत्त होऊनही ड्रायव्हरशेजारी पोरं मोजत बसतात." एवढं बोलून ती दाराकडं वळली. "जाऊ द्या सर. सांगेन त्यांना."

ती गेली आणि मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, विज्ञान निष्ठुर असतं. ती म्हणाली, विज्ञानाचं मला माहीत नाही, आमटी गरम आहे तोवर खा. तरी मनात खुटखुट राहिलीच. ही मुलगी नेमकं करते काय, ते एकदा स्वतः बघावं म्हणून शनिवारी सकाळी मी वॉर्डात गेलो. एकटा. हातात टॅब, अंगात हाफ शर्ट, ॲप्रन गाडीतच राहिलेला.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण एरवी माझा राउंड कसा असतो? पुढं मी, मागं वीस माणसं. खाटेच्या पायथ्याशी थांबायचं, एक्सरे खिडकीच्या उजेडात धरायचा, पेशंटकडं पाठ करून इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची आणि पुढची खाट. एका खाटेपाशी पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ.

सात नंबरच्या खाटेवर गिरजाबाई. देवळाली प्रवरेच्या. वय सत्तरीच्या पुढं. शेळीच्या दोरीत पाय अडकून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन मीच केलेलं. साखरेमुळं जखम भरायला वेळ लागत होता, म्हणून महिनाभर मुक्काम. मी बाजूच्या रिकाम्या खाटेवर बसलो. टॅबची बॅटरी उतरली होती, म्हणून वायर खोचायला आजींच्या खाटेखाली वाकलो, उठलो, स्क्रीन रुमालानं पुसली.

स्नेहल आली. वॉकर पुढं ठेवला.

"आजी, उठायचं."

"आज न्हाई. आज पाय लई ठणकतोय."

"काल पण असंच म्हणालात. चार पावलं. मग सोडते."

मग जे सुरू झालं ते काय वर्णावं. आजीनं पहिल्या पावलाला स्नेहलच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या पावलाला "तुझा मुडदा बशिवला" झालं. तिसऱ्याला आजी रडायलाच लागली. स्नेहल एका हातानं कंबर धरून, दुसऱ्या हातानं डोळे पुसत, "अजून एक, आजी, अजून एक," म्हणत होती. हसत नव्हती. बहुतेक विसरली असावी मी तिथं बसलोय ते.

चार पावलं झाली. आजीला खाटेवर टेकवलं. मी मनात म्हटलं, हेच ते, सापडलं, पेशंटला रडवते ही.

तेवढ्यात आजीनं उशीखालून फडक्याची पुरचुंडी काढली. आत शेंगदाण्याचा लाडू. अर्धा मोडून स्नेहलच्या तोंडात कोंबला.

"खा. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या, तोंडावनं दिसतंय." आणि गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "माझी सख्खी सून हात लावत न्हाई, तू लावतीस."

स्नेहल पुढच्या पेशंटकडं गेली. मी चक्रावलो. मी टॅबवर तिचं नाव उघडलं आणि आजीपुढं धरलं. आजीनं बोट चाटून पुसलं आणि क्षणाचाही विचार न करता शेवटचा चेहरा दाबला. ढसाढसा रडणारा. एकदा नाही, चार वेळा.

"आजी, हा का दाबला?"

"मंग कुठला दाबू? पाय ठणकतोय तर हसू व्हय?"

"अहो, पायाचं नाही. हे डॉक्टरबाईंचं आहे. त्या कशा आहेत ते सांगायचंय."

आजी माझ्याकडं अशी बघायला लागली, की मला वाटलं माझ्याच डोक्याची तपासणी चाललीय. "तिला काय झालंय? ती धडधाकट हाय की. मोडलंय माझं."

मी टॅब मांडीवर ठेवला.

आजी थांबेना. "आन ही पाटी बिघडलीया. तीन आठवडं दाबतीया मी. बोट दुखलं दाबून दाबून, सुई काय येत न्हाई. आधी भिताडावरच्या रडक्यावर बोट ठेवलं की थोरातबाय लगोलग सुई घेऊन यायची."

तेव्हा कुठं मी मान वळवून भिंतीवरचा तक्ता बघितला. दोन वर्षांत पहिल्यांदा नीट बघितला. चेहऱ्यांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दुखणं नाही, थोडं दुखतं, बरंच दुखतं, खूप दुखतं, असह्य दुखतं. अहो, दुखण्याचा तक्ता तो. किती दुखतंय ते सांगायला पेशंटनं बोट ठेवायचं, त्यावरून सिस्टर औषध देणार. दोन वर्षं आमच्या सिस्टरांनी एकेका पेशंटला ते घोकून घेतलं होतं, आणि मी तेच चेहरे उचलून रेसिडेंटच्या परीक्षेला लावले होते. फोटो काढताना खालची अक्षरं मीच कापली होती, चेहरे मोठे दिसावेत म्हणून.

म्हणजे जो रेसिडेंट सगळ्यात अवघड काम करील त्याला सगळ्यात रडके चेहरे. आणि दाबून सुई आली नाही म्हणून माणसं परत दाबणार, परत दाबणार. आणि प्रत्येक दाब मोजायचा, जनतेचा आवाज वाया जाता कामा नये, हा आग्रह कुणाचा? माझाच.

मी थोरात सिस्टरांना गाठलं. "सिस्टर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो सर."

"मग सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगायला घेतलं सर," त्या म्हणाल्या आणि औषधांची ट्रॉली ढकलत निघून गेल्या.

स्नेहललाही माहीत होतं. तिनं दोनदा सांगायला घेतलं होतं. एकूण चार वेळा, विज्ञान माझ्या दारात येऊन उभं होतं आणि मीच त्याला बोलू देत नव्हतो.

सोमवारी डीन मॅडमच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. हसण्याचा सल्ला, प्रतीकचा फोटो, सगळं. मॅडम शरीरशास्त्राच्या, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हस्के सर, मुदतवाढीचं पत्र तुम्ही दिलंत. सही तुमची. आता मागं घ्या म्हणता तेही तुमच्याच शब्दावर. हा टॅब सुरू करतानाही तुमच्याच शब्दावर विश्वास ठेवला होता आम्ही."

"मॅडम, ती मुलगी निर्दोष आहे."

"असेल. पेशंटकडून कळू द्या. दोन दिवस देते. नीट विचारा, मी स्वतः बघायला येते. नाहीतर पत्र कायम."

परीक्षेचे फॉर्म भरायला चार दिवस राहिले होते. त्या दोन दिवसांत मी आयटीवाल्यांच्या मानगुटीवर बसलो. चेहरे काढले. डॉक्टरचा मोठा फोटो टाकला, खाली तीन बटनं. हिरवं म्हणजे चांगला, पिवळं म्हणजे बरा, लाल म्हणजे नको. एका माणसानं एकदाच दाबायचं. आणि दाबायच्या आधी सिस्टरनं तोंडानं विचारायचं, पाय विसरा, हा डॉक्टर कसा आहे ते सांगा.

बुधवारी सकाळी मॅडम वॉर्डात आल्या. मी, थोरात सिस्टर, मागं भिंतीला टेकून स्नेहल. तिच्या हातात परीक्षेचा फॉर्म होता, गुंडाळी करून करून त्याची सुरळी झालेली. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघवलंच नाही.

पहिली खाट, हिरवं. दुसरी खाट, हिरवं. तिसरी, चौथी, हिरवं. बेलापूरच्या काकांनी बराच विचार केला आणि पिवळं दाबलं.

"का हो?" मॅडमनी विचारलं.

"बाई सोन्यासारखी हाय. पन मधी जरा हसायला लागली हुती. पुन्यांदा हसंल का काय, म्हनून एक घर कमी दिलं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी वॉर्डाचा पंखा बघितला.

शेवटी सात नंबर. थोरात सिस्टरांनी विचारलं, "आजी, पाय विसरा. ही डॉक्टर कशी हाय?" गिरजाबाईंनी टॅबवरचा फोटो बघितला आणि आधी फोटोवरनं हात फिरवून बोटं मोडली. मग हिरवं बटन दाबलं. एवढ्या जोरात, की मला वाटलं काच जाते.

"ही हाय म्हनून मी उभी ऱ्हायले," त्या मॅडमना म्हणाल्या. "न्हाईतर गेल्ते मी."

मॅडमनी पर्समधून मुदतवाढीचं पत्र काढलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि स्नेहलला म्हणाल्या, "जा, फॉर्म भरून ये आधी. आणि वडिलांना फोन कर." स्नेहलनं आधी सुरळी सरळ केली, मग तिचा बांध फुटला. आजीनं तिला पदराशी ओढलं. मी तिला म्हणालो, "स्नेहल, चुकलो मी. तुझं ऐकून घ्यायला हवं होतं." ती म्हणाली, "असू द्या सर." अशा वेळी माणूस जास्तच ओशाळतो.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव. डोक्यावरचं ओझं उतरलं, जीव हलका झाला आणि मी मॅडमना म्हणालो, "बघितलंत, पद्धत आता अगदी बिनचूक झालीय. नुसतं रेसिडेंटच कशाला, प्रोफेसर लोकांचंसुद्धा मूल्यमापन होऊ शकतं."

"हो का?" मॅडम म्हणाल्या. "मग तुमचंच करू. फोटो आहे ना?"

होता. मीच टाकला होता, चांगला सूटमधला. टॅबवर तो उघडला आणि आजींच्या हातात दिला. माझ्या मनात काय होतं, खोटं कशाला बोलू, मी हिरव्या बटनाकडं बघत होतो. म्हातारीचा खुबा मी बदललाय, दीड तास उभा राहून.

आजीनं फोटो लांब धरला. जवळ धरला. "ह्यो कोन?"

"आजी, मीच की हा," मी म्हणालो.

आजीनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुमी व्हय? कोट घातल्यावर वळखू येत न्हाई."

"आजी, ह्यांना तुम्ही ओळखता का?" मॅडमनी विचारलं.

"वळखते की. हे पाटी दुरुस्त करायला येत्यात. परवाच्याला माझ्या खाटंखाली वायर खोचत हुते. मीच सांगितलं ह्यास्नी, पाटी बिघडलीया म्हनून. लगीच नीट करून आनली, गुनाचा मानूस हाय."

थोरात सिस्टरांनी ट्रॉलीवरची एक बाटली उचलली आणि तिचं लेबल वाचायला लागल्या.

"आजी, तुमचं ऑपरेशन ह्यांनीच केलं," मॅडम म्हणाल्या. "हे ह्या विभागाचे मोठे डॉक्टर आहेत. रोज येतात तुमच्याकडं."

"रोज?" आजीनं मला खालून वर बघितलं. मग मान हलवली. "पाठमोरं एक जन येतात खरं. तोंड काय बघितलं न्हाई त्यांचं."

आजींचं बोट तिन्ही बटनांवरून हिंडलं आणि हवेतच थांबलं. खोटं बटन दाबायची त्यांची तयारी नव्हती.

"हिरवं म्हंजे चांगला, लाल म्हंजे नको," त्या म्हणाल्या. "वळख न्हाई त्याचं बटन ह्यात कुठलंय?"

"तसं बटन नाही आजी," मी म्हणालो.

आजीनं टॅब माझ्या हातात परत दिला.

"मंग घाला की एक. तुमीच तर दुरुस्त करता न्हवं?"